बीडची छागल आणि चित्रशोध : आकृतींच्या पूर्वप्रसिद्धीचा विचार

(१)

एखाद्या वस्तूचा घाट किंवा तिच्यावरील नक्षी प्रथम कोणीं व केव्हां काढली, हा प्रश्न इतिहाससंशोधकास नवा नाहीं. मंदिराच्या खांबाची घडण, तरवारीची मूठ, लुगड्याचा कांठ, पोथीच्या समासांतील वेल यांवरून कालनिर्णय करण्याचा प्रयत्न आपल्या मंडळींनीं पुष्कळ केला आहे. ह्याच प्रश्नास कायद्याच्या दरबारांत निराळें मोल आहे. कारखानदार नव्या घाटाची सरकारांत नोंद करून त्यावर कांहीं वर्षें एकट्याचा हक्क मागतो. आणि तो घाट खरोखर नवा आहे कीं जुन्यावरच नवें नांव घातलें आहे, हें ठरविण्यासाठीं आतां यंत्राकडून चित्रांचा शोध करवितात. चित्र पुढें ठेवावें आणि यंत्रानें आपल्या संग्रहांतून तत्सदृश चित्रें निवडून द्यावीं, अशी ही सोय आहे.

ह्या सोयीची मजल कोठवर पोंचते, आणि बीड जिल्ह्यासारख्या प्रांतांतील जुन्या वस्तूंस तिचा आधार मिळतो कीं नाहीं, एवढाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय कायदेपंडितांचा दिसला तरी त्याचा शेवट आपल्याच पेटाऱ्यांपाशीं होतो, असें वाचकांच्या लक्षांत येईल.

(२)

प्रथम नांवांचा घोटाळा दूर करणें जरूर आहे. अमेरिकेंत वस्तूच्या बाह्य रूपास जो हक्क देतात त्यास ‘डिझाइन पेटंट’ म्हणतात. आपल्याकडे पेटंटचा कायदा निराळा व डिझाइनचा निराळा. पेटंट हें युक्तीस मिळतें. डिझाइनची नोंद रूपास मिळते. सन २००० चा डिझाइन कायदा ११ मे २००१ पासून अमलांत आला. त्यांतील व्याख्येप्रमाणें घाट, रचना, नक्षी, अलंकरण, अथवा रेषा व रंग यांची मांडणी, हीं पक्क्या झालेल्या वस्तूंत दिसणारीं व केवळ नेत्रानें पारखलीं जाणारीं अंगें म्हणजे डिझाइन. हक्काची मुदत प्रथम १० वर्षें असून ती आणखी ५ वर्षें वाढवितां येते. चवथ्या कलमानें अट घातली आहे कीं, अर्जाच्या तारखेपूर्वीं ती आकृति हिंदुस्थानांत किंवा अन्य कोणत्याही देशांत मूर्त स्वरूपाच्या प्रकाशनानें, वापरानें वा इतर रीतीनें लोकांस ज्ञात झालेली नसावी. तशी ती झाली होती असें दाखवितां आल्यास एकोणिसाव्या कलमान्वयें नोंद रद्द होऊं शकते. ‘पूर्वप्रसिद्धि’ हा शब्द आम्ही पुढें ह्याच अर्थानें योजिला आहे.

ह्या कायद्याची परंपरा इंग्लंडांतून आली. सन १७८७ सालीं तेथील कायद्यानें कापडावरील छापाच्या नव्या नमुन्यास दोन महिने संरक्षण दिलें. १८३९ पासून नोंदवह्या सुरू झाल्या. १८३९ ते १९९१ पर्यंतच्या ह्या वह्यांत सुमारें तीस लक्ष आकृती असून त्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरांत आहेत. १८४२ पासून १८८३ पर्यंत नोंदलेल्या वस्तूवर शंकरपाळ्याच्या आकाराची एक मुद्रा उठवीत. आपल्याकडील जुन्या वाड्यांत विलायती बशा, वाडगे व दिवे सांपडतात. त्यांच्या तळाशीं ही मुद्रा आढळल्यास संग्राहकानें ती अवश्य वाचावी. माथ्यावरील वर्तुळांतला रोमन आंकडा वस्तूचा वर्ग सांगतो : पहिला धातूचा, दुसरा लांकडाचा, तिसरा कांचेचा, चवथा मातीचा. कोपऱ्यांतील अक्षरांवरून वर्ष व महिना निघतो. १८६७ पर्यंत वर्षाचें अक्षर वरच्या कोपऱ्यांत असे, १८६८ पासून तें उजव्या कोपऱ्यांत गेलें. मात्र ही तारीख आकृतीच्या नोंदीची होय, ती बशी घडविल्याची नव्हे. तोच नमुना पुढें कित्येक वर्षें निघत असे.

इंग्रजी अमलांत हिंदुस्थानास १८७२, १८८८ व १९११ चे कायदे मिळाले आणि कलकत्त्यास नोंदणी होऊं लागली. परंतु १९११ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. बीड जिल्हा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. सप्टेंबर १९४८ मध्यें तें राज्य भारतांत आलें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला. तेव्हां कलकत्त्याच्या जुन्या वह्यांत बीडच्या कारागिराचें नांव आढळलें नाहीं, तर त्यावरून त्याच्या हातची आकृति नव्हती असें अनुमान काढणें सर्वथा चुकीचें होय. ज्या दप्तरांत नोंद होण्याचा संभवच अल्प, त्या दप्तराचें मौन हा पुरावा नव्हे, हा न्याय आपण मोडी कागदांस नेहमीं लावतों. तोच येथेंही लावावयास पाहिजे.

(३)

आतां चित्रशोधाची रीत पाहूं. यंत्र चित्राचें रूपांतर आंकड्यांच्या एका लांब मालिकेंत करतें. बाह्यरेषा, पोत, रंग, भागांची परस्परांतील मांडणी हें सर्व त्या मालिकेंत उतरतें. संग्रहांतील प्रत्येक चित्राचीही तशीच मालिका तयार असते. दोन मालिकांतील अंतर जितकें थोडें तितकें साम्य अधिक, असें मानून यंत्र जवळचीं चित्रें क्रमानें पुढें मांडतें. सन २००८ मध्यें टिनआय ही सोय निघाली; ती मुख्यत्वें एकाच चित्राच्या प्रती हुडकते. २०११ सालीं गूगलनें चित्र देऊन शोधण्याची व्यवस्था सर्वांस खुली केली. युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाच्या शोधपटावर चित्र देऊन नोंदलेल्या आकृती कोणासही पाहतां येतात. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानें २०२५ सालीं आपल्या परीक्षकांच्या हातीं ‘डिझाइनव्हिजन’ नांवाचें असेंच साधन दिलें.

ह्या रीतीचा मोठा गुण असा कीं तीस भाषेची अडचण नाहीं. शब्दानें शोध करणाऱ्यास वस्तूचें नांव, त्याचें रोमन लिपींतील स्पेलिंग व वर्गीकरणांतील जागा ठाऊक असावी लागते. खुद्द बीडचेंच नांव इंग्रजी कागदांत भीर, बीर, बीड अशा नाना रूपांनीं येतें. मग तेथील वस्तूंच्या नांवांची काय कथा! १९६८ च्या लोकार्नो करारानें आकृतींचे वर्ग ठरविले व भारत त्या करारांत २०१९ सालीं सामील झाला. परंतु आपली वस्तु त्या ३२ वर्गांपैकीं कोणत्यांत घातली असेल, हें सांगणें प्रत्येक वेळीं सोपें नसतें. चित्रास हीं बंधनें नाहींत. शिवाय कायद्याची कसोटीच नेत्राची असल्यामुळें नेत्रासारखें पाहणारें साधन ह्या कामीं योग्यच म्हटलें पाहिजे.

दोष तीन आहेत. पहिला : संग्रहांत जें नाहीं तें यंत्रास नाहीं. दुसरा : नोंदींतील आकृती पुष्कळदां केवळ रेषांनीं काढलेल्या असतात आणि आपण देतों तो फोटोग्राफ, एकाच वस्तूचीं हीं दोन रूपें यंत्रास परकीं वाटूं शकतात. बाजू बदलली, सावली पडली, मागें चित्रविचित्र सतरंजी असली तरी मेळ चुकतो. तिसरा दोष सर्वांत महत्त्वाचा : यंत्र साम्य दाखवितें, पौर्वापर्य दाखवीत नाहीं. सदृश चित्र कोणत्या वर्षीं छापलें हें मूळ ग्रंथ उघडूनच पाहावें लागतें.

पाठचिकित्सा करणाऱ्यांस हा भेद सहज कळेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध करतांना निरनिराळ्या लिपींतील पोथ्या ताडून पाहिल्या. दोन पोथ्यांचा शुद्ध पाठ जुळला म्हणजे त्या एका वंशाच्या ठरत नाहींत. दोहोंत एकच विचित्र प्रमाद आढळला तर मात्र नातें सिद्ध होऊं लागतें. आकृतीचेंही तसेंच आहे. गोल बुडाचें भांडें जगभर होतें. परंतु एका बाजूस चुकून तिरपी गेलेली शिवण दुसऱ्या ठिकाणीं तशीच आढळली, तर नक्कल झाली असें म्हणण्यास आधार मिळतो. इतिहासकार वंश शोधतो. नोंदणीचा अधिकारी केवळ ‘आधीं होतें कीं नाहीं’ एवढेंच पाहतो. यंत्र दोघांसही उमेदवारांची यादी देतें, निकाल देत नाहीं.

(४)

बीडच्या तीन वस्तू घेऊन ही गोष्ट स्पष्ट करूं.

पहिली छागल. प्रवासांत पाणी नेण्याची ही चामड्याची पिशवी वा बाटली. चामड्यांतून किंचित् पाझर होऊन वारा लागला म्हणजे आंतील पाणी गार राहतें. शब्दाचें मूळ संस्कृत आहे : छाग, छागल म्हणजे बोकड, त्याच्या कातड्याचें पात्र तें छागल. चर्मपात्राचें संस्कृतांतील दुसरें नांव ‘दृति’. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील मंडूकसूक्तांत वाळून पडलेल्या दृतीची उपमा बेडकास दिली आहे, इतकी ही वस्तु प्राचीन. १९०८ च्या सुमारास निघालेल्या इंपीरियल गॅझेटियरांत बीडच्या चामड्याच्या छागलींचा व गुप्त्यांचा निर्देश आहे. म्हणजे त्या काळीं ह्या मालाची प्रसिद्धि जिल्ह्याबाहेर पोंचली होती.

परंतु त्या नोंदींत शब्द आहेत, चित्र नाहीं. बीडच्या छागलीचा गळा कसा, बूड कसें, पट्टा कोठें जोडलेला, शिवण कोणत्या अंगानें, हें त्या ओळीवरून उमगत नाहीं. उद्यां कोणी कारखानदारानें तोच घाट ‘प्रवासी जलपात्र’ म्हणून नोंदवावयास नेला, तर परीक्षकाचें यंत्र गॅझेटियर वाचणार नाहीं. तें चित्र मागेल. आणि ज्या कारागिराच्या आजानें तो घाट शेंकडों वेळां शिवला, त्याच्याच नातवास ‘तूं नक्कल करतोस’ अशी नोटीस येण्यास कायद्यांत वरकरणी आडकाठी राहणार नाहीं. पूर्वीच्या वापराचा पुरावा चालतो हें खरें. परंतु तो तोंडीं साक्षीनें उभा करणें गरीब माणसास किती जड जातें, हें सांगावयास नको.

दुसरी वस्तु मंदिरांतील नक्षी. परळी तालुक्यांत धर्मापुरी येथें चालुक्यकालीन केदारेश्वराचें मंदिर आहे; त्याच्या बाह्यभिंतींवरील शिल्पें अभ्यासकांस परिचित आहेत. त्यांतील वेलपट्टी उचलून कोणी चादरीवर छापली व नोंदविली, तर मंदिर जुनें म्हणून नोंद पडेल काय? पुष्कळांस तसें वाटतें, परंतु कायदा इतका सरळ नाहीं. दुसऱ्या कलमांत ‘मौलिक’ शब्दाच्या व्याख्येंत, स्वतः जुनी असूनही नव्या ठिकाणीं योजिलेली आकृतिही घेतली आहे. दगडावरची वेल कापडावर आणणें ही नवी योजना ठरूं शकते. तेव्हां यंत्रानें मंदिराचा फोटो पुढें आणला म्हणजे काम झालें, असें समजूं नये.

तिसरी वस्तु दासोपंतांची पासोडी. दासोपंतांचा काल १५५१ ते १६१५. सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनीं पंचीकरणाचा विषय अक्षरें व आकृती यांनीं मांडला; ही पासोडी अंबाजोगाईस जतन झाली आहे. येथें आकृति कापडावरच आहे. तिचीं वर्तुळें व कोठे उद्यां कोणी वस्त्रावर छापूं म्हणेल, तर ‘नवी योजना’ हें समर्थन आमच्या मतें फार लंगडें पडेल. अर्थात् पासोडी हा ग्रंथ आहे, विक्रीचा नमुना नव्हे. परंतु तिच्या उदाहरणावरून आकृति कोणत्या पदार्थावर आहे ह्या गोष्टीचें महत्त्व ध्यानांत येतें.

(५)

हें महत्त्व सर्वोच्च न्यायालयापुढेंही आलें होतें. भारत ग्लास ट्यूब विरुद्ध गोपाल ग्लास वर्क्स ह्या खटल्याचा निकाल २००८ सालीं लागला. गोपाल ग्लास वर्क्सनें कांचेच्या तावांवरील नक्षीची नोंद केली होती. ही नक्षी पूर्वींच प्रसिद्ध होती असें प्रतिपक्षाचें म्हणणें. पुरावा म्हणून नक्षी उठविण्याचे रूळ तयार करणाऱ्या जर्मन कंपनीचें माहितीपत्रक, आणि इंग्लंडच्या पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेले कागद पुढें करण्यांत आले. सहायक नियंत्रकानें नोंद रद्द केली. कलकत्ता उच्च न्यायालयानें ती पुन्हा कायम केली, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही उच्च न्यायालयाचाच निर्णय उचलून धरला. रुळावर किंवा कागदावर नक्षी दिसली म्हणजे ती कांचेच्या तावावर उमटून लोकांपुढें आली होती असें सिद्ध होत नाहीं, हा त्यांतील मुख्य मुद्दा.

संग्राहकानें ह्या निकालापासून एक धडा घ्यावा. नुसती नक्षी कापून, मोठी करून छापल्यानें पुरावा लंगडा राहतो; नक्षीसह सबंध वस्तु दाखविली पाहिजे. आपल्या जुन्या ग्रंथांत तुकड्यातुकड्यांनीं नक्षी देण्याची चाल फार. ओवेन जोन्सनें १८५६ सालीं काढलेल्या अलंकरणाच्या ग्रंथांत हिंदी नक्षींचीं पानें आहेत. ग्रिफिथ्सनें १८९६-९७ मध्यें अजिंठ्याच्या चित्रांचे दोन भाग प्रसिद्ध केले, त्यांत छतावरील नक्षीही आहे. हे ग्रंथ अमूल्य; तथापि कोणती नक्षी कोणत्या वस्तूवर होती, हें सांगण्याचें काम निराळेंच राहतें. ह्याच्या उलट फोर्ब्स वॉटसनची पद्धति होती. १८६६ सालीं त्यानें हिंदी कापडाचे ७०० प्रत्यक्ष तुकडे १८ भागांत चिकटवून त्यांचे २० संच केले. १३ विलायतेंत ठेवले व ७ हिंदुस्थानांत पाठविले. हेतु हा कीं तेथील गिरणीवाल्यांस इकडील गिऱ्हाइकाची आवड कळून तसा माल काढतां यावा. ज्या वह्या नक्कल सोपी व्हावी म्हणून केल्या, त्याच आज आपल्या विणकरांची नक्षी १८६६ पूर्वींची होती ह्याचा पक्का पुरावा झाल्या आहेत. कारण तेथें नक्षी आहे, कापड आहे आणि तारीखही आहे.

(६)

छापील पुराव्याचें बळ हळदीच्या प्रकरणांत सर्व जगानें पाहिलें. हळदीनें जखम भरून येते ह्या गोष्टीवर अमेरिकेंत मार्च १९९५ मध्यें पेटंट दिलें गेलें. महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेऊन जुन्या संस्कृत व इतर ग्रंथांतील आधार सादर केले, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. घरोघरच्या आज्यांचें ज्ञान तेथें एकट्यानें चाललें नसतें. लिखित आधार चालला.

वस्तूच्या रूपाचा प्रश्न कोल्हापुरी वहाणांच्या वेळीं निघाला. जून २०२५ मध्यें प्राडा ह्या इटालियन कंपनीनें मिलान येथील प्रदर्शनांत तशाच वहाणा मांडल्या. इकडे गवगवा झाल्यावर त्या हिंदी वहाणांवरून सुचल्याचें कंपनीनें मान्य केलें. कोल्हापुरी चपलेस २०१९ पासून भौगोलिक संकेताची नोंद आहे. परंतु ती नोंद नांवाचें रक्षण करते, घाटाचें नव्हे. वहाण जगप्रसिद्ध असल्यामुळें लोकांनीं ती पाहतांक्षणींच ओळखली. बीडची छागल कोणी पाहतांक्षणीं ओळखील काय? हाच आमच्या लेखाचा प्रश्न आहे.

तेव्हां करावयाचें काय तें थोडक्यांत सांगतों. जुनी वस्तु हातीं आली म्हणजे साध्या पार्श्वभूमीवर समोर, मागें, दोन्ही बाजू, वर व खालीं असे तिचे सहा फोटो घ्यावे, आणि सातवा तिरपा. डिझाइनच्या अर्जांतही वस्तु अशीच बाजूबाजूंनीं दाखवितात. शेजारीं मापपट्टी ठेवावी. नक्षीचा जवळून घेतलेला फोटो निराळा द्यावा, पण सबंध वस्तूच्या जोडीनेंच. शक्य तर एक रेखाचित्र काढावें, म्हणजे रेषांच्या नोंदींशीं मेळ घालणें यंत्रास सुलभ जाईल. वस्तूचें नांव स्थानिक उच्चाराप्रमाणें द्यावें व गांव, पदार्थ आणि मिळाल्याचें वर्ष लिहावें. मग हें सर्व तारखेच्या नियतकालिकांत छापावें व त्याची प्रत सार्वजनिक ग्रंथालयांत जाईल अशी तजवीज करावी. संकेतस्थळावरील पान आज असतें, उद्यां नसतें किंवा बदलतें. ग्रंथालयाच्या शिक्क्याचा अंक शंभर वर्षांनींही काढून दाखवितां येतो. त्या अंकाचें छायांकन पुढें झालें म्हणजे यंत्रासही तें चित्र सांपडेल.

नोंदवह्या चाळावयाच्या असतील त्यांनीं उलट क्रम धरावा : प्रथम चित्र देऊन शोधावें, मिळालेल्या नोंदीवरून वर्ग कळला म्हणजे त्या वर्गांत शब्दानें शोधावें, एका बाजूच्या चित्रानें कांहीं न निघाल्यास दुसऱ्या बाजूचें चित्र द्यावें, आणि जें सांपडेल त्याची तारीख मूळ कागदावरून पडताळावी. कांहींच सांपडलें नाहीं तर ‘शोध केला, आढळलें नाहीं’ इतकेंच लिहावें. ‘पूर्वीं नव्हतें’ असें लिहूं नये.

बीड, धारूर, अंबाजोगाई व परळी येथील जुन्या घरांतून छागली, गुप्त्या, दागिन्यांचे ठसे, कापडावरील छापाचे सांचे ज्यांच्यापाशीं असतील, त्यांनीं ते मोडींत किंवा भंगारांत जाण्यापूर्वीं त्यांचे फोटो वर सांगितलेल्या रीतीनें घेऊन आपल्या त्रैमासिकाकडे पाठवावे. कागदपत्रांच्या मानानें ह्या वस्तू आजवर आपण गौण लेखल्या. पुढील अंकांत अशा वस्तूंकरितां दोन पानें राखून ठेवावीं, आणि आरंभ छागलीपासून करावा, अशी आमची चालकांस विनंती आहे.